डावीकडे वळताना उजवा दिवा

अनुभवकथन लिहायला आधी अनुभव लागतो, हे मला कळतं. सिंगापूरमधल्या मराठी मंडळींच्या या अंकात माझ्या मागेपुढे ज्यांचे लेख असतील त्यांनी बँकेत किंवा बंदरात उभं आयुष्य काढलेलं असेल. मी अजून कॉलेजात आहे आणि शनिवार-रविवारी पार्ट टाइम काम करते. संपादक काकूंना मी हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझं काम दुसरं कुणी करत नाही. लिहून टाक." हे मात्र खरं आहे. सिंगापूरच्या एकाही रस्त्यावर धावायची परवानगी नसलेल्या एका मोटारीचा इतिहास सांगायचे मला तासावर पैसे मिळतात.

हे घरी समजावणं अवघड गेलं. माझे बाबा लातूरला शाळेची बस चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी जे काही करते ते शिक्षणाचाच भाग असणार असं आईबाबा धरून चालतात. फोनवर बाबांनी विचारलं, "ॲव्हरेज किती देते?"

"बाबा, ती चालवत नाहीत."

"म्हणजे बंद पडलीय?"

"नाही, चालू आहे. पण चालवायची नाही."

"मग तू करतेस काय?"

"पुसते. आणि माहिती सांगते."

"बरं," बाबा म्हणाले. लेक परदेशात मोटार कंपनीत आहे, असं आईनं शेजारी सांगून टाकलं.

आमचं दुकान उबी भागातल्या एका औद्योगिक इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. मोटारी मोठ्या लिफ्टनं वर येतात. मालक मिस्टर लिम यांना सगळे अंकल लिम म्हणतात. ते जुन्या विलायती मोटारी आणतात, चकाचक करतात आणि विकतात. विकल्या जात नाहीत तोवर लग्नाच्या फोटोंसाठी नाहीतर कंपन्यांच्या कार्यक्रमांसाठी भाड्यानं देतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात मऊ फडकं दिलं आणि छातीवर लावायला एक बिल्ला. बिल्ल्यावर 'हेरिटेज कन्सल्टंट' असं होतं. फडक्याचा उल्लेख नव्हता. "लक्षात ठेव," ते म्हणाले, "गिऱ्हाईक कार नाही विकत घेत, स्टोरी विकत घेतं, लाह." वाक्याच्या शेवटी असा 'लाह' जोडायची इथली पद्धत आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या मोटारीचं नाव लिनेट. इंग्लंडमध्ये या नावाचा एक छोटा पक्षी असतो म्हणे. मोटारही तेवढीच. दोन माणसांची, कमरेपेक्षा बुटकी, नीटसे दरवाजे नाहीत, छत म्हणजे ताडपत्रीचा तुकडा. आत बसायचं तर आधी एक पाय, मग पाठ, मग उरलेली प्रतिष्ठा बाहेर ठेवून दुसरा पाय.

तिचा इतिहास मी इतक्या वेळा सांगितला आहे की तो थोडक्यात सांगणं मला जमतं. महायुद्धानंतर इंग्लंडात नव्या मोटारीवर जबर कर होता, पण मोटारीच्या सुट्या भागांवर तो नव्हता. तेव्हा काही हुशार लोकांनी शेडमध्ये छोटे कारखाने काढले आणि आख्खी मोटार सुटी करून खोक्यांत भरून विकायला सुरुवात केली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासचं अंग, चार चाकं, पिशवीभर नटबोल्ट. इंजिन गिऱ्हाइकानं भंगारातल्या एखाद्या घरगुती मोटारीचं काढून बसवायचं. सरकारही काही भोळं नव्हतं. सरकार म्हणालं, जोडणीच्या सूचना सोबत दिल्यात तर ती मोटार धरू आणि कर लावू. मग कारखानेवाल्यांनी सूचना दिल्या त्या मोटार सुटी कशी करायची याच्या. गिऱ्हाइकानं घरी बसून त्या शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायच्या.

हे ऐकून गोरे पाहुणे हसतात आणि 'इंग्लिश जिनियस' म्हणतात. आमच्याकडे कुणी असं केलं तर त्याला वेगळं नाव असतं. पण बिल्ला लावलेला असताना मी ते बोलत नाही.

थोडक्यात, कर वाचवायला धडपडणाऱ्या पगारदार माणसांनी आपल्या मागच्या अंगणात जोडलेली ही मोटार. आज ती घ्यायला जे येतात त्यांच्या नुसत्या घड्याळाच्या किमतीत तशा दोन मोटारी बसतील. आणि इथे ती रस्त्यावर आणता येत नाही. सिंगापुरात साधी मोटार ठेवायचा परवानाच मोटारीइतका महाग, त्यात घरी जोडलेल्या मोटारीची नोंदणी कुणी करून घेत नाही. म्हणून लिनेट उभी असते. मी तिला पुसते आणि ती किती वेगानं धावते ते लोकांना सांगते.

चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीची माणसं एकदा 'टीम बिल्डिंग'साठी आली होती. खेळ सोपा होता: लिनेटचं एक चाक काढून ठेवलेलं, ते सगळ्यांनी मिळून बसवायचं. सगळेच्या सगळे मॅनेजर. त्यांनी आधी नेता निवडला, मग नेत्याचा डेप्युटी. मग पांढऱ्या फळ्यावर चाकाचं चित्र काढून जोखमींवर चर्चा झाली. पान्याला मात्र कुणी हात लावेना, कारण पाना धरला की आपण नेता नाही हे सिद्ध होणार. शेवटी चाक अंकल लिमनीच बसवलं. जाताना त्या सगळ्यांनी 'आम्ही काय शिकलो' हे एकमेकांना सांगितलं. त्यांतल्या एकानं मला टिपही दिली आणि म्हणाला, "तुम्ही लोक हातानं काम करता ते फार छान वाटतं बघायला." मी त्याच कंपनीत इंटर्नशिपसाठी अर्ज केलेला होता. उत्तर आलं नव्हतं.

इंटर्नशिपचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. शेवटच्या वर्षाआधी एखाद्या कंपनीत काही महिने काम केलंच पाहिजे, असा आमचा नियम आहे. नाही मिळालं तर पदवी लांबते, आणि माझी शिष्यवृत्ती लांबत नाही. वर्गातल्या मुलांना कुणाचे तरी बाबा, कुणाचे तरी मामा शब्द टाकतात. माझ्या बाबांच्या ओळखीचे म्हणजे दोन शाळांचे हेडमास्तर आणि एक टायरवाला.

अशात जयंतकाका आले. मोठ्या बँकेतून निवृत्त झालेले, बरीच वर्षं इथले नागरिक, इथल्या मराठी मंडळींत त्यांच्या शब्दाला वजन. सेरंगूनकडे त्यांचं स्वतंत्र बैठं घर आहे. इथल्या वाचकांना याहून जास्त सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच, की इथे बहुतेक सगळे उंच इमारतींत, म्हणजे हवेत राहतात, जमिनीवर फार थोडे. घराच्या पोर्चमध्ये उभी करायला त्यांना लिनेट हवी होती. सोबत त्यांचा मुलगा अर्णव होता.

"नाव काय तुझं? मराठीच ना? अरे वा! लातूरची? छान छान." काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "रेसिंग ग्रीन! बघितलंस अर्णव? हा ब्रिटिश रेसचा रंग. ही रेसमध्ये धावलेली असणार."

"बाबा, यू कॅनॉट इव्हन ड्राइव्ह इट, लाह," अर्णव म्हणाला.

"चालवायला कुणी घेतंय?" काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "धावलीय ना गं रेसमध्ये?"

मला माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं आणि शोधून बघते म्हणाले. हे मी का म्हणाले कोण जाणे. प्रश्न विचारला की उत्तर शोधायचं, ही शाळेतली सवय असावी. इंग्लंडमध्ये लिनेटवाल्यांचा एक छोटा गट आहे, त्यांना मी ईमेल लिहिला. एका आजींनी उत्तर दिलं आणि आम्ही व्हिडिओ कॉल केला. ही मोटार त्यांच्या वडिलांनी जोडली होती. वडील एका खेड्यातल्या शाळेत भूगोलाचे मास्तर होते.

"रेस?" आजी इतक्या हसल्या की त्यांची मांजर उठून गेली. "अगं, बाबा दुधाच्या गाडीच्या मागे अडकायचे आणि तिला ओलांडायचं धाडस त्यांना व्हायचं नाही. आम्ही बटाटे आणायला जायचो तिच्यातून." मोटारीचा रंग हिरवा आहे हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटलं. त्यांच्या वेळी ती फिकट पिवळी होती. स्वयंपाकघराच्या कपाटांना लावून उरलेला रंग वडिलांनी तिला दिला होता. हिरवा नंतर कुणी व्यापाऱ्यानं मारला असेल, हिरव्याला भाव येतो म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "इंडिकेटर अजून उलटा आहे का?"

होता. डावीकडचा लावला की उजवा दिवा लागायचा. आम्ही तो बिघाड समजत होतो. आजी म्हणाल्या, बाबा सूचना खालून वर वाचत जोडणी करत होते. वायरिंगच्या पानावर आईनं जेवायला हाक मारली. जेवून आले आणि ते एकच पान वरून खाली वाचलं. पुढे एकदा त्यांनी ते नीट केलं, तर डावा दिवा बघून पोस्टमन सायकलसकट कुंपणात गेला. सगळ्या गावाला मास्तरांच्या उलट्या दिव्याची सवय झाली होती. म्हणून त्यांनी वायरी परत उलट्या केल्या आणि मरेपर्यंत तशाच ठेवल्या.

मला हा इतिहास इतका आवडला की दुसऱ्या शनिवारी मी तो धावतपळत जयंतकाकांना सांगितला. काकांचा चेहरा पडला.

"बटाटे?"

"हो काका. आणि कोबी."

"हे बघ बाळा," काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही रेसमध्ये धावली नाही असं कुठे लिहिलंय का?"

"लिहिलेलं काहीच नाही, काका."

"मग झालं तर! दसऱ्याला पूजा ठेवलीय. पन्नासेक लोक येतील. त्यांना तू चार शब्द सांगायचे. रेस, वेग, ब्रिटिश परंपरा. आणि हो, वैशाली येणार आहे. माझ्या हाताखाली होती, आता बँकेच्या टेक्नॉलॉजीचं बघते. तुला इंटर्नशिप हवीय ना? तिच्याशी गाठ घालून देतो. एका शब्दाचं काम आहे."

तो एक शब्द कुठला, ते मला समजलं. अंकल लिमना विचारलं तर ते म्हणाले, "खोटं बोलू नको. फक्त 'नो' म्हणू नको." मग ते पान्याची पेटी घेऊन लिनेटच्या बॉनेटखाली वाकले. इंडिकेटर सरळ केल्याशिवाय काका मोटार घेणार नव्हते. मी म्हणाले, "अंकल, ते राहू दे ना. मास्तरांच्या हातचं तेवढंच राहिलंय." अंकल लिम म्हणाले, "मास्तर पैसे देणार आहे?" पाच मिनिटांत वायरी सरळ झाल्या. डावा लावला, डावा लागला. मला रडू येईल असं वाटलं, पण एका मोटारीच्या दिव्यावरून रडणं मला शोभलं नसतं, म्हणून मी बॉनेट पुसलं.

दसऱ्याला मी माझा एकमेव सिल्कचा ड्रेस घालून गेले. पोर्चमध्ये लिनेट झेंडूच्या माळा घालून उभी होती, चारी चाकांखाली लिंबं. बेत असा, की पूजा झाल्यावर काका ती पोर्चपासून फाटकापर्यंत चालवणार, लिंबं चिरडणार आणि थांबणार. फाटकापुढे सरकारचा रस्ता. आधी काकांचं भाषण झालं. त्यात ट्रॅक होता, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक होते, पावसात घेतलेलं एक धोक्याचं वळणही होतं. पुढच्या रांगेत वैशाली मॅडम उभ्या होत्या, साधी सुती साडी, हातात ताक. काकांनी माझी ओळख करून दिली. "ही आमची इतिहासकार. सविस्तर हीच सांगेल. पण आधी नारळ."

काकांनी नारळ ओवाळला आणि जमिनीवर आपटायला हात उचलला.

"टाइल्सवर नको हं!" मेधाकाकू किंचाळल्या. त्या काकांच्या पत्नी. "इटलीच्या आहेत. नवीन बसवल्यात."

काका उचललेल्या हातानिशी इकडेतिकडे बघू लागले. पन्नास माणसं बघत होती. एवढी वर्षं मोठे निर्णय घेतलेला माणूस नारळ हातात घेऊन किती वेळ उभा राहणार? मोटार म्हणजे लोखंड, या समजुतीनं त्यांनी तो थेट लिनेटच्या नाकावर आपटला.

"बाबा, नो! दॅट्स फायबर..." अर्णव ओरडेपर्यंत काड् असा आवाज झाला होता.

नारळाला काही झालं नाही. लिनेटच्या नाकावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडे गेलेली नक्षी उमटली आणि तळहाताएवढा हिरवा रंग पोपडा सुटून खाली पडला. खालून फिकट पिवळा दिसू लागला.

मागून एक आजोबा म्हणाले, "अरे, हा तर आम्रखंडाचा रंग!"

कुणीतरी हसलं. काकांनी माझ्याकडे बघितलं. "बाळा, सांग ना यांना. रेसच्या गाड्यांना खाली पिवळा देत असतील, प्रायमर म्हणून. हो की नाही?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. वैशाली मॅडमही माझ्याकडेच बघत होत्या. मला बाबांची आठवण आली, किंवा मूल्यांची वगैरे, असं लिहिलं तर छान वाटेल. तसं काही झालं नाही. मला आठवल्या त्या हसता हसता डोळे पुसणाऱ्या आजी, आणि हा रंग बघायला त्या इथे हव्या होत्या, असं वाटलं.

"नाही काका," मी म्हणाले. "हा स्वयंपाकघरातल्या कपाटांचा उरलेला रंग आहे." मग मी सगळंच सांगितलं. मास्तर, जेवणाची हाक, उलटं वाचलेलं पान, कुंपणातला पोस्टमन. बटाटेसुद्धा. कोबी गाळला.

लोक हसले, मग बरेच हसले, मग पुढे येऊन त्या पिवळ्या तुकड्याचे फोटो काढू लागले. काका आत निघून गेले. माझं जेवण कसंबसं झालं. निघताना वैशाली मॅडम फाटकापाशी भेटल्या.

"त्या आजींना कसं शोधलंस?"

मी सांगितलं.

"आणि सरांनी तुला काय सांगायला सांगितलं होतं?"

मी वाकून चपलेचा बंद लावू लागले.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी त्यांच्या हाताखाली बारा वर्षं होते. सीव्ही पाठव. मुलाखत कडक असेल हं, आत्ताच सांगते."

काकांनी माझ्यासाठी शब्द टाकला नाही, आणि तो टाकला नाही हे बरंच झालं. पण मी त्यांना दोष देत नाही, कारण महिन्याभरानं ते दुकानात आले ते हसतच.

"लिम, तो तडा तसाच ठेवायचा. वर छोटा स्पॉटलाइट लावतोय. येणारा प्रत्येक जण मास्तरांचीच गोष्ट विचारतो!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि तो इंडिकेटर... तो परत उलटा करून द्या."

अंकल लिम म्हणाले, "सरळ करायचे पैसे कमी. उलटा करायचे डबल."

"डबल का?"

"ही आता हेरिटेज रिस्टोरेशन आहे, लाह."

काकांनी दिले. जाताना मला म्हणाले, "मोटारीसोबत द्यायच्या तुझ्या माहितीपत्रकात लिही, इंडिकेटर मूळचा आहे."

"काका, मास्तरांनी चुकून केला होता. आपण मुद्दाम करतोय."

"त्यानं काय फरक पडतो?"

मी यावर खूप विचार केला. फरक पडतो असं मला वाटतं, पण तो मला अजून नीट सांगता येत नाही. माहितीपत्रकात मी लिहिलं: 'इंग्लंडमध्ये चुकून उलटा, सिंगापुरात दुरुस्त, सिंगापुरातच मालकांच्या विनंतीवरून पुन्हा उलटा.' काकांना ते फार आवडलं. आता ते पाहुण्यांना मोटार फाटकापर्यंत चालवून दाखवतात, डावा लावतात, उजवा लागतो, सगळे टाळ्या वाजवतात. वळायला मात्र तिथे जागा नाही.

मुलाखत खरोखर कडक झाली. दोनदा झाली. आता मी बँकेच्या चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसात बसते आणि गिऱ्हाइकांच्या आधी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शनिवार अजूनही अंकल लिमकडे जातो, फडकं तेच.

परवा एक चूक सापडली. एका जुन्या स्क्रीनवर 'पुढे' दाबलं की आधी मागचं पान उघडतं, मग पुढचं. मी आनंदानं वैशाली मॅडमना दाखवली.

"ही माहितीय," त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. "एकदा दुरुस्त केली होती. तक्रारींचा पाऊस पडला. लोकांना सवय झालीय. परत होती तशी करून टाकली."

"मॅडम, मुळात कुणाकडून झाली होती?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं. क्यूबिकलमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "नोकरीच्या पहिल्या वर्षी."

मी खुर्ची ओढून त्यांच्या जवळ बसले. माझा बिल्ला दुकानात होता, पण सवय गेलेली नव्हती.

"कशी झाली, मॅडम?" मी विचारलं. "जेवायला कुणी हाक मारली होती का?"